कोण, कुठला, कोणाचा : रामघाटावरील एकटा प्रवासी

समुद्रकाठच्या पर्यटनगावी एकट्याने जाणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा हवे असते ते अनोळखीपण. कोकणातल्या वा गोव्यातल्या किनाऱ्यावर त्याचे गाव, कूळ, वडिलांचे नाव यांची चौकशी करण्याचे कोणाला कारण नसते, सगळ्यांची तोंडे पाण्याकडे असतात, आणि आठवडाभर राहूनही तो तिथल्या माणसांना अपरिचितच राहू शकतो. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. तेथे एकट्या प्रवाशाच्या वाट्याला येणारा किनारा म्हणजे नदीचा घाट, आणि घाटाची रीत निराळी असते. उज्जैनच्या रामघाटावर पायरीवर पिशवी टेकवून बसलेल्या माणसाला थोड्याच वेळात कोणीतरी कुठून आलात, एकटेच आलात का, घरी कोण असते, असे विचारते. पाठोपाठ एखादा पुरोहित गोत्र विचारतो. शहरी मनाला ही चौकशी आगाऊपणाची वाटते. तथापि तिच्यामागे शतकानुशतके चालत आलेली एक व्यवस्था आहे, आणि येथील लोकजीवनाशी परक्या माणसाची खरी भेट होते ती याच व्यवस्थेच्या दारातून. प्रवासी मराठी असेल तर या भेटीला आणखी एक पदर सुटतो, कारण परमुलखातले म्हणून जे पाहायला तो आलेला असतो, त्यातले बरेच काही त्याच्याच पूर्वजांनी तेथे रुजवलेले आणि माळव्याने आपल्या पद्धतीने वाढवलेले असते.

रामघाट हा क्षिप्रा नदीच्या पूर्व काठावर, हरसिद्धी मंदिराकडून उतरत येणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी आहे. वनवासात असताना श्रीरामांनी दशरथाचे तर्पण येथे केले अशी श्रद्धा असल्याने त्याला हे नाव पडले, आणि पितृकार्य हेच आजही या घाटाचे मुख्य काम आहे. पायऱ्यांवर लहानलहान शिवालये दाटीने उभी आहेत. धर्मराज-चित्रगुप्तांचे मंदिर येथे आहे, आणि उज्जैनच्या परिक्रमेतील चौऱ्याऐंशी महादेवांपैकी पिशाचमुक्तेश्वरही येथेच आहे. समोरच्या काठावर दत्त आखाडा असून सिंहस्थात, म्हणजे येथील कुंभमेळ्यात, शैव संन्याशांचे आखाडे त्या बाजूला आणि वैष्णव बैरागी रामघाटाकडे स्नान करतात. नदीचे पात्र अरुंद असल्यामुळे पलीकडच्या काठावरचा माणूस काय करतो आहे ते अलीकडून दिसते. त्यामुळे येथे बसणाऱ्याची नजर क्षितिजाकडे जात नाही, ती माणसांवरच खिळते. पावसाळ्यात माळव्याच्या पठारावर जोराचा पाऊस झाला की क्षिप्रा काही तासांत चढते, दोन काठांना जोडणारा बुटका पूल, ज्याला स्थानिक लोक छोटी रपट म्हणतात, पाण्याखाली जातो, आणि पायऱ्यांवरच्या देवळांची केवळ शिखरे वर उरतात. पूर ओसरल्यावर गाळ काढून पुन्हा पूजा मांडली जाते.

घाटावरील पुरोहिताला हिंदीत पंडा किंवा तीर्थपुरोहित म्हणतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरी त्यालाच तीर्थोपाध्याय म्हणतात. त्याचे आणि यात्रेकरूचे नाते एका भेटीपुरते नसते. विशिष्ट प्रदेशातून, विशिष्ट गावांतून व कुळांतून येणारे यजमान विशिष्ट पुरोहित घराण्याकडे वंशपरंपरेने जातात, आणि त्यांच्या येण्याची नोंद त्या घराण्याच्या वहीत होते. आलेल्याचे नाव, त्याचा बाप, आजा, पणजा, भाऊ, मुले, गाव, येण्याचे कारण आणि तिथी एवढा मजकूर वहीत उतरतो व खाली पुष्कळदा यजमानाची सही असते. नाशिककडे अशा वह्यांना नामावळी म्हणतात. गोत्र आणि गावाची जी चौकशी नवख्याला खटकते, ती प्रत्यक्षात वही शोधण्याची किल्ली असते. गाव कळले की कोणत्या घराण्याकडे पाठवायचे ते कळते, आडनाव कळले की पान उघडता येते. ज्याने घरातून निघताना कोणालाही बरोबर घेतले नाही, अशा माणसासमोर त्याच्या आजोबांच्या हातची सही येऊ शकते, ही शक्यता कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर नाही. मोडी लिपी व्यवहारात होती त्या काळातल्या मराठी नोंदी मोडीत असणे स्वाभाविक आहे, आणि मोडी वाचणारे आता थोडे उरले असल्याने त्या ज्यांच्या आहेत त्यांनाच परक्या होत चालल्या आहेत. कागद जीर्ण होतो, पुरोहित घराण्यांतली पुढची पिढी नोकरीधंद्याला बाहेर पडते, वाटण्यांत वह्या विभागल्या जातात. महाराष्ट्रातील इतिहास संशोधन संस्थांनी पुरोहितांच्या संमतीने या वह्यांकडे लक्ष द्यावे, इतके त्यांचे मोल आहे.

तर्पणाचा विधी मुळातच एकट्याने करता येण्याजोगा आहे, म्हणून एकट्या प्रवाशाला घाटावर प्रेक्षकाची भूमिका सोडायची असेल तर तो सर्वांत जवळचा मार्ग ठरतो. माणूस स्नान करून ओलेत्याने खालच्या पायरीवर बसतो. पुरोहित त्याच्या अनामिकेत दर्भाचे पवित्रक, म्हणजे दर्भाची वळलेली अंगठी, घालतो, ओंजळीत पाणी व काळे तीळ देतो, आणि देवांसाठीचे पाणी बोटांच्या टोकांवरून, तर पितरांसाठीचे पाणी अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या भागावरून सोडायला सांगतो. हाताच्या या भागाला शास्त्रात पितृतीर्थ म्हणतात. हात नवखा असला तर पाणी भलतीकडून ओघळते. मग पुरोहित न रागावता त्याचे मनगट धरून थोडे वळवतो आणि नाव पुन्हा घ्यायला लावतो. त्याआधी संकल्प होतो. संकल्प म्हणजे कर्म करणाऱ्याने आपला काळ, स्थळ आणि ओळख उच्चारून सांगणे: कल्प, युग, द्वीप, खंड, क्षेत्र, नदी, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, मग गोत्र आणि शेवटी नाव. घाटावरचे चहावाले जे प्रश्न साध्या बोलीत विचारतात, तेच येथे संस्कृतात विचारून त्यांची उत्तरे त्याच्याच तोंडून वदवली जातात. घरी गोदावरीचा आणि शालिवाहन शकाचा उच्चार ऐकत आलेल्या मराठी माणसाला येथे क्षिप्रातीर, अवंतिका क्षेत्र आणि विक्रम संवत ऐकू येते. नर्मदेच्या दक्षिणेला शालिवाहनाचा आणि उत्तरेला विक्रमाचा काळ मोजण्याचा जुना संकेत आहे, आणि आपण ती नदी ओलांडून आलो आहोत हे त्याला रेल्वेच्या खिडकीपेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते.

नर्मदा ओलांडून मराठे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात स्थिरावले. बाजीराव पेशव्यांच्या काळात शिंदे, होळकर व पवार या सरदारांमध्ये माळव्याची वाटणी झाली, तीत उज्जैन राणोजी शिंदे यांच्याकडे आले, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे ठाणे हलवेपर्यंत ते शिंद्यांच्या राजधानीचे गाव होते. तेराव्या शतकात इल्तुतमिशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेल्या महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी भर बाजारपेठेत गोपाळ मंदिर बांधले. रामघाटावरच राणोजींची म्हणून ओळखली जाणारी छत्री, म्हणजे स्मारकवास्तू, आहे; पर्वणीच्या दिवशी स्नानाच्या बंदोबस्ताचे कर्मचारी तिच्याच उंचवट्यावरून गर्दीवर लक्ष ठेवतात. घाटापासून थोड्या अंतरावर हरसिद्धीच्या प्रांगणात सुमारे ५१ फूट उंचीच्या दोन दीपमाळा असून त्यांवर मिळून १०११ दिवे लावले जातात. जेजुरी पाहिलेल्या माणसाला दीपमाळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मात्र संध्याकाळी दोरी वा शिडी न वापरता, दिव्यांच्या दगडी हातांवर पाय देत, तेलाची भांडी घेऊन वर चढणारी माणसे पाहताना त्याला हेही दिसते की ही कला आता पूर्णपणे उज्जैनची झाली आहे.

नाशिकच्या सिंहस्थाचे अनुकरण म्हणून उज्जैनचा सिंहस्थ अठराव्या शतकात सुरू झाला आणि नाशिकच्या साधूंना राणोजींनी येथे बोलावून घेतले, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंपरेला ते मान्य होणार नाही, कारण तिच्या दृष्टीने अमृतकुंभातून थेंब सांडला तेव्हापासून हा मेळा आहे. परंतु दोन्ही ठिकाणचे नाव एकच आहे आणि दोन्ही मेळे गुरू सिंह राशीत असतानाच भरतात, एवढे निर्विवाद आहे; नाशिकला त्या वेळी सूर्यही सिंहेत, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास असतो, तर उज्जैनला तो मेषेत आणि मुख्य स्नान वैशाखी पौर्णिमेला असते.

मराठी वारशाचा सर्वांत जिवंत पुरावा मात्र दगडात नाही, तो पंचांगात आहे. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते. देवाचा मुखवटा पालखीत ठेवून मंदिराबाहेर पोलिसांची मानवंदना होते, आणि गुदरी चौक, बक्षी बाजार, कहारवाडी या गल्ल्यांतून पालखी रामघाटावर येते. तेथे क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक झाल्यावर ती गणगौर दरवाजा, कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक करीत गोपाळ मंदिरापाशी थांबते व रात्री परतते. राजा आपल्या प्रजेची विचारपूस करायला बाहेर पडतो, अशी यामागची भावना आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, याला पौर्णिमान्त गणना म्हणतात; महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो, ती अमान्त गणना. त्यामुळे माळव्याचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. उज्जैनच्या सवाऱ्या मात्र तेथे संपत नाहीत. त्या भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही चालू राहतात आणि अमावास्येपर्यंतच्या शेवटच्या सोमवारी सर्वांत मोठी सवारी निघते. तो पक्ष म्हणजे मराठी श्रावणाचा उत्तरार्ध, आणि ती अमावास्या म्हणजे आपली पिठोरी, बैलपोळ्याचा दिवस. शिंद्यांच्या काळापासून मराठी श्रावणही पाळला जाऊ लागला, असे याचे स्पष्टीकरण उज्जैनमध्ये दिले जाते, आणि तिथ्यांचा मेळ पाहता ते पटण्यासारखे आहे. या शेवटच्या सवारीला पूर्वी शाही सवारी म्हणत. २०२४ पासून शासकीय पातळीवर राजसी सवारी हे नाव रूढ केले गेले. दोन पंचांगांपैकी कोणते खरे यावर वाद न घालता दोहोंचा मिळून सहा आठवड्यांचा उत्सव करणारे हे शहर, आणि आपला श्रावण दोनशे-अडीचशे वर्षे परक्या मुलखात सांभाळला गेला हे न जाणता त्या गर्दीत उभा असलेला मराठी पर्यटक, हे दृश्य दर वर्षी घडते. निदान एवढी माहिती घेऊन त्याने जावे, असे तळमळीने वाटते.

सवारीच्या दिवशी रामघाटावर एकट्या माणसाला एकटे राहता येत नाही. दुपारपासून पायऱ्या भरतात, कोणी मुलाला खांद्यावर देते, कोणी पिशवी सांभाळायला सांगते, कोणी आपल्या सतरंजीवर सरकून जागा करते. माळवी माणूस बोलका असतो. ‘जै महाकाल’ एवढ्या अभिवादनावर संभाषण सुरू होते. सकाळी घाटाजवळच्या गाड्यांवर पोहे मिळतात. ते कांदेपोह्यांसारखे कढईत परतून पानात वाढले जात नाहीत. पातेल्याखाली उकळत्या पाण्याचे भांडे ठेवून वाफेवर धरलेले, बडीशेप घातलेले मऊ पोहे कागदावर घेऊन वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण, म्हणजे आंबट-तिखट मसाल्याची पूड, भुरभुरली जाते आणि बाजूला जिलबी दिली जाते. पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात आले असा सार्वत्रिक समज आहे.

राहण्याच्या बाबतीत चित्र इतके मोकळे नाही. तीर्थक्षेत्रातील जुन्या धर्मशाळा कुटुंबासाठी बांधलेल्या आहेत, आणि एकट्या पुरुषाला, त्याहून अधिक एकट्या स्त्रीला, खोली देताना व्यवस्थापक कचरतात. एकटा माणूस दुःखात असावा, काही बरेवाईट करील, ही भीती त्यामागे असते. एकट्या स्त्रीला घाटावर विचारले जाणारे प्रश्नही अधिक बारीक असतात, आणि काही वेळा ते नकोसे होतात हे मान्य केले पाहिजे. परंतु परंपरेत एकट्याला जागाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. येथून दीडशे किलोमीटरच्या आत ओंकारेश्वर आहे, जेथून अनेक मराठी परिक्रमावासी नर्मदेची पायी प्रदक्षिणा उचलतात, आणि गो. नी. दांडेकर आणि जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकांनी ती मराठी घरांत पोहोचवली. परिक्रमावासीयाला शिधा देणे हे निमाड-माळव्यात गावाचे कर्तव्य समजले जाते आणि त्याला सदाव्रत म्हणतात. एकटेपणाला येथे व्रताची चौकट मिळाली की तो शंकेचा विषय राहत नाही.

उज्जैनची स्वतःची अशी चौकट म्हणजे पंचक्रोशी यात्रा. उत्तरेच्या गणनेने वैशाख कृष्ण दशमीपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे आपल्या चैत्राच्या अखेरीस, रणरणत्या उन्हात ११८ किलोमीटरची ही पायी परिक्रमा होते. तिचे यात्री प्रामुख्याने माळव्यातील शेतकरी स्त्रीपुरुष असतात. रब्बीचा गहू घरात आलेला असतो आणि खरिपाला अवकाश असतो. पटणी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ वाहून यात्री देवाकडून चालण्याचे ‘बळ’ उसने घेतात, क्षेत्राच्या चार दिशांचे द्वारपाल मानलेल्या पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर आणि दुर्दुरेश्वर या महादेवांचे दर्शन घेतात, मुक्कामावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाट्या भाजून डाळीबरोबर खातात, आणि क्षिप्रास्नान करून परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करतात. उसने घेतलेले परत करायचे, ही कल्पना शेतकऱ्याच्याच घरात जन्मू शकते. डोक्यावर पाच दिवसांचा शिधा घेतलेल्या या मंडळींत सामील होणाऱ्या एकट्या माणसाला दुसऱ्या मुक्कामापर्यंत कोणत्या ना कोणत्या चुलीशी बोलावणे येते. मराठी माणसाने पंढरीची वारी केली असेल तर त्याला दिंडीची शिस्त येथे आढळणार नाही, टाळ-मृदंगही नाहीत. गावागावांचे घोळके आपापल्या चालीने, बायका माळवी गीते म्हणत, चालत राहतात.

या गीतांनी एका मोठ्या गायकाला घडवले. क्षयाच्या आजारामुळे कुमार गंधर्व १९४८ मध्ये हवापालटासाठी उज्जैनजवळच्या देवासला येऊन राहिले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावरून त्यांनी आसपासच्या स्त्रियांची लोकगीते ऐकली, नंतर ती जमवली, अभ्यासली, आणि त्यांच्या रागविचाराला वेगळे वळण लागले. परक्या मुलखातली संस्कृती ऐकावी कशी, याचे याहून थोर उदाहरण सापडणे कठीण आहे. त्याच माळव्यात पितृपक्षाचे सोळा दिवस कुमारिका भिंतीवर शेणाने संजा मांडतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणून प्रसाद वाटतात, शेवटी मोठा किलाकोट रेखतात आणि अमावास्येनंतर त्या शेणाच्या आकृती नदीत सोडतात. खानदेश-विदर्भातील भुलाबाई आणि देशावरचा हादगा यांच्याशी तिचे नाते उघड आहे. रामघाटावर एका पायरीवर पितरांना तीळ-पाणी दिले जात असताना शेजारच्या पायरीवर मुली टोपलीतून संजा घेऊन उतरतात, आणि दोन्ही कामे एकमेकांना अडथळा न आणता चालतात.

या साऱ्याचा आधार असलेल्या नदीची स्थिती चांगली नाही. सुमारे १९५ किलोमीटर लांबीची क्षिप्रा इंदूर जिल्ह्यातल्या उज्जैनी गावाजवळ उगम पावून उत्तरेकडे चंबळेला मिळते. उन्हाळ्यात ती स्वतःच्या बळावर वाहत नाही. २०१४ मध्ये कार्यान्वित झालेल्या जोडप्रकल्पाने नर्मदेचे पाणी ओंकारेश्वरच्या कालव्यातून उपसून सुमारे ४९ किलोमीटरच्या जलवाहिनीने तिच्या उगमापाशी सोडले जाते, आणि पर्वणीला स्नान होते ते बहुतांशी या पाण्याने. इंदूरचे सांडपाणी आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी नळातून शहर ओलांडून पुढे वळवले गेले, ते अपुरे पडले, आणि आता त्यासाठी बंदिस्त मार्गाचे मोठे काम हाती घेतले गेले आहे.

दुसरीकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक हा विस्तीर्ण परिसर खुला झाल्यापासून पर्यटकांचा ओघ कितीतरी पटींनी वाढला आहे. २०२३ च्या महाशिवरात्रीला क्षिप्रेच्या घाटांवर १८ लाख ८२ हजारांहून अधिक दिवे लावून जागतिक विक्रम नोंदवला गेला. विक्रम मोजणाऱ्यांना दिव्यांची संख्या हवी असते. घाटाला मात्र दिवा कोणी आणि कोणासाठी लावला हे हवे असते, आणि एवढ्या गर्दीत तो प्रश्न विचारायला सवड उरत नाही. एका दिवसात महाकाल, काळभैरव आणि परतीची गाडी असा बेत आखून येणारा प्रवासी रामघाटावर संध्याकाळच्या आरतीपुरता थांबतो, मोबाइल उंच धरतो आणि कोणी गोत्र विचारायच्या आत निघून जातो.

एप्रिल-मे २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेच्या काठाने सुमारे २९ किलोमीटर लांबीचे नवे घाट बांधण्याचे काम शासनाने मंजूर केले आहे. एवढ्या लांबीवर स्नानाची सोय होईल, चेंगराचेंगरीचा धोका कमी होईल, आणि ते आवश्यकच आहे. परंतु ज्या पायरीला पुरोहित नाही, वही नाही, पोह्यांची गाडी नाही, तिच्यावर उतरलेला माणूस आंघोळ करून जाईल, त्याची नोंद कोठेच राहणार नाही. जुन्या तीर्थपुरोहित घराण्यांना नव्या घाटांवर आताच जागा नेमून देणे, त्यांच्या वह्यांसाठी कोरडी व सुरक्षित खोली घाटालगत बांधणे, आणि मोडीतील नोंदी वाचून देणारे जाणकार नाशिक-पुण्याहून सिंहस्थाच्या काळात तेथे बसवणे ही कामे बांधकामाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहेत. त्यांची आखणी नाशिकच्या सिंहस्थातच करून पाहता येईल, कारण तेथेही नामावळ्या आहेत आणि तेथेही गर्दीतून एकटी येणारी माणसे आपले पान शोधतात.